घाट उतरताना चाकातून जळका वास येतो तेव्हा

आंबेनळी घाटाने महाबळेश्वरहून खाली येताना पोलादपूरच्या अलीकडे मागच्या सीटवरून आई म्हणाली, अरे कुकरची मूठ करपल्यासारखा वास येतोय, थांबव बघू गाडी. जागा बघून थांबवली आणि चारही चाकांजवळ पंजा नेऊन बघितला, रिमला हात न लावता, वीतभर लांबून. मागची दोन कोमट, पुढचं उजवं बऱ्यापैकी गरम, आणि पुढच्या डाव्याजवळ तर पंजा धरवेना, रिमच्या फटीतून बारीक धूर येत होता.

ही पंजाची तपासणी लक्षात ठेवा, कारण ब्रेकच्या वासाची दोन अगदी वेगळी कारणं असतात आणि कुठलं ते चाकं सांगतात. पुढची दोन्ही सारखीच तापली असतील तर ब्रेक प्रमाणाबाहेर वापरला गेलाय. एकच चाक तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटतच नाहीये, मग तुम्ही कितीही जपून चालवा, वास येतच राहणार.

आईने कुकरच्या मुठीचं नाव घेतलं ते अगदी बरोबर होतं बरं का. ती काळी मूठ बेकेलाइटची असते, म्हणजे लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेलं फिनॉलिक रेझिन नावाचं कडक प्लास्टिक, आणि ब्रेक पॅड म्हणजे तंतू, धातूचा चुरा, ग्रॅफाइट वगैरे गोष्टी त्याच जातीच्या रेझिनने घट्ट बांधून केलेली वडी. साधारण ३०० अंशांच्या पुढे हे रेझिन मोडायला लागतं, त्यातून वायू सुटतात, तोच हा वास.

पण एवढी उष्णता येते कुठून? माणसं आणि सामान धरून गाडी दीड टनाची समजा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटरवर, पोलादपूर पार पायथ्याला, हिशोबाला उतार हजार मीटरच धरू, तरी दीड कोटी ज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठेतरी जायला हवी, आणि तेवढ्या ऊर्जेत ४५ लिटर गार पाणी उकळायला लागतं! थोडी हवा खाते, थोडी टायर खातात, आणि गाडी न्यूट्रलला टाकून फक्त ब्रेकवर उतरवली तर बाकीची जवळजवळ सगळी डिस्क आणि ड्रमच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि ब्रेक ज्यांना धरतो त्या भागांच्या, लोखंडात शिरते, त्यातही मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कचा. हायवेवर १०० च्या स्पीडवरून एकदा थांबलात तर ६ लाख ज्यूलच्या आतबाहेर उष्णता तयार होते आणि मग डिस्कला गार व्हायला वेळ मिळतो, घाटात तो वेळच मिळत नाही.

म्हणून गियर. ज्या गियरमध्ये हा घाट चढला असता त्याच गियरमध्ये उतरवा, दुसरा किंवा तिसरा, म्हणजे गाडीला मागे ओढायचं बरंचसं काम इंजिन करतं आणि ती उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा एल (लो, म्हणजे खालचा गियर) वापरा. आणि पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरणारे लोक अजून भेटतात, त्यांना मनापासून सांगतो, नका करू असं, कारण इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम संपतो आणि पुढे ब्रेक दगडासारखा घट्ट होतो.

वासाकडे दुर्लक्ष केलं तर पुढे काय होतं हे पेडल सांगतं. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड तापून त्यांची पकड गेली. पेडल मऊ लागतंय, खाली खाली जातंय, म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं, आणि हे जास्त भीतीदायक आहे. गॅरेजमध्ये ऑइल म्हणतात पण ते तेल नाही, ग्लायकॉलच्या जातीचा द्रव आहे आणि तो हवेतलं पाणी ओढून घेतो. डॉट ४ या प्रतीचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हद्द १५५ वर येते. वाफ दाबली की दबते, द्रव दबत नाही, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, गाडी कमी चालली असली तरी.

वास आला की शक्यतो सपाट जागी थांबा, गियरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, अर्धा तास जाऊ द्या. डिस्कवर पाणी अजिबात ओतू नका, तापलेलं बीड अचानक गार झालं की वाकतं नाहीतर तडकतं.

आमची गोष्ट मात्र दुसऱ्या कारणाची होती. गॅरेजमध्ये जॅकवर डावं चाक उचललं तर हाताने फिरेना. मिस्त्रींनी आधी कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचा) निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढायचा स्क्रू, थोडा ढिला करून थोडं ऑइल जाऊ दिलं, म्हणाले, आता चाक सुटलं तर दोष पाइपात आहे. रबरी पाइप आतून सोलला की असं होतं, पायाच्या जोराने ऑइल जातं पण परत येत नाही. चाक सुटलं नाही, म्हणजे कॅलिपरच जाम. खोलला तर ज्या पिनांवर तो सरकतो त्यातली एक गंजून बसलेली, तिचं रबरी बूट फाटलेलं, त्यातून पावसाचं पाणी आत गेलेलं. आतला पॅड जेमतेम २ मिलिमीटर उरलेला, बाहेरचा जवळजवळ ७.

पिना पॉलिश पेपरने घासल्या, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावलं (साधं ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं), बूट नवे, पॅड दोन्ही बाजूंचे नवे. खर्च पॅडचाच काय तो झाला. नव्या पॅडचा पहिले काही दिवस थोडा वास येतो, त्याला घाबरायचं कारण नाही. वास चढताना येत असेल तर आधी क्लच बघा, आणि पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी पंधरा दिवस उभी असेल तर मागचे शू ड्रमला चिकटलेत का ते बघा.

दिवाळीत परत तोच घाट तिसऱ्या गियरवर उतरलो. पोलादपूरला चहाला थांबल्यावर आधी चारही चाकांजवळ पंजा नेला, पुढची दोन्ही सारखीच गरम, मागची कोमट.