खासगी नोकरीतली पेन्शन इतकी तुटपुंजी का? ईपीएस-९५ ची पार्श्वभूमी

कारखान्यातल्या कामगारासाठी जी व्यवस्था सुरुवातीला उभी राहिली, तीत पेन्शन नव्हतीच. १५ नोव्हेंबर १९५१ ला वटहुकूम निघाला, १९५२ साली त्याचा कायदा झाला आणि भविष्य निर्वाह निधी, म्हणजे आपला फंड, सुरू झाला. पगारातून कपात, मालकाची तेवढीच भर आणि नोकरी संपली की एकरकमी पैसे. निवृत्त माणसाला यातून निदान काहीतरी मिळे. पण तिशी-पस्तिशीतला कामगार दगावला, तर खात्यात फार काही साठलेले नसे आणि मागे राहिलेल्यांचे हाल होत. म्हणून १९७१ साली कुटुंब पेन्शन आली. कामगार, मालक आणि केंद्र सरकार यांनी पगाराच्या १.१६ टक्के इतका वाटा प्रत्येकी द्यायचा आणि सेवेत असताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला दरमहा रक्कम मिळायची. कामगार जिवंतपणी निवृत्त झाला, तर त्याला स्वतःला महिन्याची पेन्शन नव्हतीच.

ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून, कर्मचारी पेन्शन योजनेमुळे, म्हणजेच ईपीएस-९५ मुळे आली. मुंबईतला गिरण्यांचा संप १९८२ चा. त्यानंतर जे गिरणी कामगार कायमचे बाहेर पडले, त्यांतल्या बहुतेकांना फंडाची रक्कम तेवढी मिळाली, पेन्शन नाही, ती या तारखेमुळे.

१९९५ च्या योजनेसाठी मालकावर नवा बोजा टाकला गेला नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवे. मालक फंडात भरत असलेल्या रकमेतूनच ८.३३ टक्के पेन्शनकडे वळवले आणि सरकारने १.१६ टक्के घातले. तेही पूर्ण पगारावर नाही, ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंतच्या पगारावर. आजच्या तुटपुंज्या पेन्शनचे मूळ या मर्यादेत आहे.

१९५२ साली ती ३०० रुपये होती. पुढे ५००, १,०००, १,६००, २,५००, ३,५०० असे टप्पे घेत १९९४ मध्ये ५,००० झाली, २००१ मध्ये ६,५००. मग थेट १ सप्टेंबर २०१४ ला १५,०००. मधल्या तेरा वर्षांत पगार कुठल्या कुठे गेले, पण पेन्शनखाती जमा होत राहिले महिन्याला ५४१ रुपये. २०१४ नंतर ही रक्कम १,२५० झाली आणि पुढचे दशक मर्यादेला पुन्हा हात लागला नाही.

हिशेबाचे सूत्र सोपे आहे: पेन्शनपात्र पगार (मर्यादेपर्यंतच्या शेवटच्या पगारांची सरासरी) गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. समजा, पगार कायम मर्यादेच्या वर असलेला एक जण सप्टेंबर २००२ मध्ये लागला आणि २४ वर्षांनी, वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाला. २०१४ पूर्वीची १२ वर्षे ६,५०० वर मोजली जातात, त्यांचे १,११४ रुपये. नंतरची १२ वर्षे १५,००० वर, त्यांचे २,५७१. एकूण ३,६८५. वीस वर्षांहून अधिक सेवेबद्दल दोन वर्षे वाढवून धरली, तरी आकडा चार हजारांच्या आसपासच राहतो. शेवटचा पगार पन्नास हजार असला तरी यात फरक पडत नाही.

त्यात महागाई भत्ता नाही, म्हणून पहिल्या महिन्याचा आकडाच पुढे चालू राहतो. सप्टेंबर २००८ मध्ये पेन्शनचा तिसरा हिस्सा विकून एकरकमी घेण्याची सोय बंद झाली. २०१४ मध्ये पगाराची सरासरी शेवटच्या १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांची धरली जाऊ लागली. त्याच वेळी किमान पेन्शन १,००० रुपये ठरली. राज्यसभेच्या याचिका समितीने आदल्याच वर्षी ३,००० ची शिफारस केली होती. साखर कारखाने, एसटी, सहकारी बँका यांतले निवृत्त आज किमान ७,५०० रुपये आणि वर महागाई भत्ता मागतात. बुलढाणा हे या आंदोलनाचे मोठे केंद्र आहे. ही मागणी अवाजवी आहे असे म्हणणाऱ्याने हजार रुपयांत एका माणसाचे महिन्याचे औषधपाणी आणि किराणा बसवून दाखवावा.

मर्यादेऐवजी पूर्ण पगारावर पेन्शन मिळावी का, हा वाद ४ नोव्हेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बराचसा मिटला. पात्र सदस्यांना वाढीव पेन्शनचा पर्याय मिळाला, पण मागील सर्व वर्षांची फरकाची रक्कम व्याजासह फंडातून पेन्शनकडे वळती करण्याच्या अटीवर. साठ महिन्यांची सरासरीही न्यायालयाने कायम ठेवली.

आता प्रत्यक्षात चुका कुठे होतात ते पाहू. पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते. नोकरी बदलताना दहा-सी अर्ज भरून पेन्शनची रक्कम काढली, की ती वर्षे पुसली जातात. त्याऐवजी खाते नव्या नोकरीत वर्ग करावे किंवा योजना प्रमाणपत्र (झालेली सेवा पुढे धरली जावी यासाठीचा दाखला) घ्यावे. ५० व्या वर्षापासून पेन्शन घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांमागे ४ टक्के कापले जातात आणि ते कायमचे. उलट ६० पर्यंत थांबल्यास वर्षाला ४ टक्के वाढते. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच फंडाचा सदस्य झालेल्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० च्या वर असेल, तर तो या योजनेत येतच नाही. तरी काही कंपन्या ८.३३ टक्के पेन्शनखाती भरत राहतात. ५८ नंतर नोकरी चालू ठेवलेल्यांच्या बाबतीतही हेच घडते. मग दावा अडकतो आणि दुरुस्तीसाठी जुन्या मालकाच्या मागे फिरावे लागते. म्हणून पासबुकातला पेन्शनचा रकाना, जन्मतारीख आणि प्रत्येक नोकरी सोडल्याची तारीख पन्नाशीतच तपासावी. कंपनी बंद पडल्यावर सही करणारे कोणी उरत नाही.

दवाखान्याच्या खर्चाचा या योजनेत विचारच नाही. तो कर्मचारी राज्य विमा योजनेत आहे: किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपयांत स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार मिळतात. पण त्या योजनेची पगारमर्यादा २०१७ पासून २१,००० आहे. शेवटच्या वर्षांत पगार तिच्यावर गेल्याने अनेकांच्या हातून हा लाभ सुटला आहे. आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण उत्पन्नाची अट न लावता मिळते, पण सत्तरीनंतर. मधली बारा वर्षे स्वतःच्या आरोग्य विम्यावर काढायची असतात. त्यात आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. कंपनीचा गट विमा निवृत्तीच्या दिवशी संपतो. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वैयक्तिक विमा ५४-५५ व्या वर्षीच सुरू केलेला बरा, म्हणजे ५८ ला ही मुदत सरलेली असते.