शंभरवरून पुन्हा तीनशेवर

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले. वेतनाची नवी व्याख्या, ठरावीक मुदतीच्या कामगारांना वर्षभरात ग्रॅच्युइटी, महिलांची रात्रपाळी असं बरंच काही त्यांत आहे. पण कारखान्यात राबणाऱ्या माणसासाठी सर्वांत वजनदार आहे तो एक आकडा: ३००. कारखान्यात यापेक्षा कमी कामगार असतील, तर ले-ऑफ (कामगारांना तात्पुरतं घरी बसवणं), कामगार कपात किंवा कारखाना बंद करणं यासाठी मालकाला सरकारची परवानगी लागत नाही. आधी केंद्रीय कायद्यात ही मर्यादा १०० होती.

१९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात अशी परवानगी मुळात नव्हतीच. १९५३मध्ये कपातीसाठी नोटीस आणि भरपाई आली, नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. परवानगीची अट घातली गेली १९७६मध्ये, ऐन आणीबाणीत. तेव्हाही मर्यादा ३००च होती.

दोन वर्षांतच मुंबईतल्या एक्सेल वेअर या कपड्यांच्या कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कारखाना बंद करण्याबाबतचं कलम रद्द केलं. संसदेने १९८२मध्ये ते नव्याने लिहिलं, परवानगीच्या अर्जावर ६० दिवसांची मुदत घातली आणि मर्यादा १००वर आणली. ही दुरुस्ती १९८४पासून लागू झाली.

१९८२ हे वर्ष मराठी माणूस विसरणार नाही. त्या वर्षी १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे एकेक गिरणी थंडावत गेली. परवानगीची अट कायद्यात होती, तरी गिरणगाव रिकामं झालं. म्हणून नुसत्या कलमावर भिस्त ठेवणं मला पटत नाही. पण ते कलम असल्यामुळे मालकाला निदान सरकारदरबारी कारण सांगावं लागत होतं, आणि कामगारांनाही तिथे आपली बाजू मांडता येत होती. लहान कारखान्यांतल्या कामगारांची ती संधी आता गेली, याचं मला वाईट वाटतं.

उद्योजकांचं म्हणणं उलट होतं. शंभराच्या धाकाने कारखाने वाढत नाहीत, कायम नोकरीऐवजी कंत्राटी भरती होते, असं ते सांगत आले. रवींद्र वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या राष्ट्रीय कामगार आयोगाने २००२मध्ये कारखाना बंद करण्यासाठी ३००ची मर्यादा सुचवली. २०१४मध्ये राजस्थानने ती आपल्यापुरती आणली आणि सप्टेंबर २०२०मध्ये संसदेने हीच मर्यादा असलेली औद्योगिक संबंध संहिता, चार संहितांपैकी एक, मंजूर केली.

कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचा पगार कौशल्य निधीत भरायचा, ही या संहितेतली नवी तरतूद. आणखी एक बाब मात्र फारशी बोलली जात नाही: ३००चा आकडा आणखी वर न्यायचा असेल, तर सरकारला कायदा बदलावा लागणार नाही, अधिसूचना पुरेल.