मालिकेतून चित्रपटाकडे

दैनंदिन मालिकेतून घराघरांत पोचलेल्या तरुण अभिनेत्रीने मोठ्या पडद्यावर बस्तान बसवणे, ही मराठी मनोरंजनसृष्टीत आता चांगलीच रुळलेली वाट आहे. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांची मालिका आठवड्यातून एकदा दिसे आणि कलावंतांचा खरा मुक्काम रंगभूमीवरच असे. १९९९मध्ये अल्फा मराठी (आजची झी मराठी) आणि २००८मध्ये स्टार प्रवाह या वाहिन्या आल्या. रोजच्या मालिका वाढत गेल्या, तशी एकांकिका स्पर्धांत चमकलेली मुलगी ऑडिशन आणि लूक टेस्ट (पात्राच्या वेशात कशी दिसते याची चाचणी) देऊन थेट मुख्य भूमिकेत दिसू लागली.

ओळख झटपट मिळते, पण ती पात्राची. ‘काहे दिया परदेस’ (२०१६) पाहणाऱ्यांसाठी सायली संजीव आधी गौरी होती. शिवाय जो चेहरा रोज संध्याकाळी घरबसल्या दिसतो, त्याच्यासाठी तिकीट काढायला प्रेक्षक राजी होईलच असे नाही. या वाटेवरची खरी अडचण हीच. अभिनयाची उणीव हे कारण बहुधा उगाच पुढे केले जाते.

अर्थात मालिकेच्या सवयी मोडाव्या लागतात, हेही खरे. चित्रीकरणाची पाळी बारा-बारा तासांची असते आणि कधी कधी प्रसंग त्याच सकाळी हाती पडतो. सासूने काही धक्कादायक सांगितले की दिवाणखान्यातल्या प्रत्येकाचा क्लोजअप घेतला जातो, त्यामुळे भुवई आणि डबडबलेले डोळे संवादापेक्षा जास्त राबतात. हीच प्रतिक्रिया चित्रपटगृहात भडक वाटते. दुसरीकडे जलद पाठांतर, जागा आणि प्रकाश अचूक पकडणे, मागाल तेव्हा रडता येणे ही कमाईही मालिकेतलीच.

तारखांचा पेच वेगळाच. टीआरपीचे, म्हणजे प्रेक्षकसंख्येचे, आकडे आले की ट्रॅक (कथेचा धागा) बदलतो, कथेत लीप येते, म्हणजे ती एकदम काही वर्षे पुढे जाते; त्यामुळे चित्रीकरणाच्या तारखांचा भरवसा नसतो. चित्रपटाला मात्र सलग दिवस हवे असतात. म्हणून अनेकजणी मालिका संपल्यावरच चित्रपटाकडे वळतात. ‘दुर्वा’पासून (२०१३) नायिका असलेल्या हृता दुर्गुळेचे ‘अनन्या’ आणि ‘टाइमपास ३’ हे चित्रपट मात्र जुलै २०२२मध्ये आठवड्याच्या अंतराने आले, तेव्हा तिची ‘मन उडू उडू झालं’ ही मालिका चालूच होती.

सायली संजीवची मुख्य भूमिका असलेल्या ‘गोष्ट एका पैठणीची’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘जुळून येती रेशीमगाठी’तली मेघना, म्हणजे प्राजक्ता माळी, ‘फुलवंती’च्या (२०२४) वेळी निर्मातीही झाली. सर्वांत लांबचा पल्ला धुळ्यात जन्मलेल्या मृणाल ठाकूरचा. ‘कुमकुम भाग्य’ या हिंदी मालिकेतली बुलबुल २०१८मध्ये ‘लव्ह सोनिया’त दिसली आणि ‘सीता रामम’मुळे (२०२२) तेलुगू प्रेक्षकांची लाडकी झाली. त्याआधी तिने ‘विटी दांडू’सारखे मराठी चित्रपट केले होते, हे फारसे कुणाच्या लक्षात नाही.

ही वाट एकेरीही नाही. ‘जोगवा’ आणि ‘मुंबई-पुणे-मुंबई’ नावावर असलेली मुक्ता बर्वे ‘रुद्रम’ (२०१७) आणि ‘अजूनही बरसात आहे’ (२०२१) या मालिकांसाठी छोट्या पडद्यावर परतली.