आईच्या फ्रिजवरची पथ्याची यादी आली कुठून

आईच्या फ्रिजवर चार वर्षं एक कागद चिकटवलेला होता. तूरडाळ बंद, हरभराडाळ बंद, पालक बंद, दही बंद, वांग्याचं तर नावच काढायचं नाही. गुडघे दुखतात म्हणून कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली यादी तिने स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतली आणि इमानेइतबारे पाळली, गुडघे दुखायचे काही थांबले नाहीत, अंगातली ताकद मात्र गेली. तेव्हापासून मी शोधतेय की हे सगळं आलं कुठून.

मुळात आपण ज्याला सरसकट "वात" म्हणतो त्यात निदान तीन वेगळे आजार आहेत. झिजेचा संधिवात, प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो आमवात, आणि युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साचतात तो गाऊट. जुन्या ग्रंथांतलं वातरक्त गाऊटच्या सगळ्यात जवळचं, आणि चरकसंहितेत त्याचं दुसरं नाव आहे आढ्यवात, म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा वात. कारणं म्हणून उडीद, कुळीथ, वाल, मांस, दही, दारू, दिवसाची झोप, रात्रीची जागरणं असं बरंच काही दिलंय. पण त्याच अध्यायात पथ्य काय सांगितलंय बघा: तूर, हरभरा, मूग, मसूर, मटकी यांचं कढण, भरपूर तूप घालून, शिवाय दूध. म्हणजे आईने ज्या दोन डाळी सगळ्यात आधी सोडल्या त्याच द्यायला सांगितल्यात! हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

मग डाळी कुणी काढल्या? युरोपातही गाऊट श्रीमंतांचा आजार मानला जायचा. 1848 मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड या डॉक्टरने दाखवून दिलं की गाऊटच्या पेशंटच्या रक्तात युरिक अ‍ॅसिड जास्त असतं. त्याची टेस्ट फार सुंदर होती, रक्तातला पातळ भाग काचेच्या वाटीत घ्यायचा, त्यात थोडं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड घालायचं, एक लिननचा धागा सोडून ठेवून द्यायचं, की एकदोन दिवसांत धाग्यावर खडीसाखर धरावी तसे स्फटिक धरायचे. पुढे 1892 मध्ये अलेक्झांडर हेग या डॉक्टरने अख्खं पुस्तक लिहून डोकेदुखीपासून बऱ्याच आजारांचं खापर युरिक अ‍ॅसिडवर फोडलं, आणि मांस-मासे, चहा-कॉफीबरोबर डाळीही बंद करायला सांगितल्या. त्याची थिअरी टिकली नाही पण तसल्या याद्या टिकल्या. 2004 मध्ये अमेरिकेतल्या 47,150 पुरुषांचा 12 वर्षांचा अभ्यास आला, त्यात मटण-मासळीने गाऊटचा धोका वाढलेला दिसला, पण डाळी, पालक, मश्रूम यांनी नाही, आणि कमी फॅटचं दूध-दही खाणाऱ्यांत तर धोका कमी होता.

आमवाताचा धागा वेगळा. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात तो विरुद्ध आहार (एकमेकांना न मानवणारे पदार्थ एकत्र खाणं) आणि मंद झालेल्या अग्नीतून, म्हणजे पचनशक्तीतून, होतो असं म्हटलंय, आणि चक्रदत्त या दुसऱ्या ग्रंथात उपचारांची सुरुवातच लंघनाने, म्हणजे उपासाने, होते. 1991 मध्ये नॉर्वेत 53 पेशंटवर प्रयोग झाला, त्यातल्या 27 जणांना आधी उपास आणि मग शाकाहारी जेवण दिलं तर महिन्यात सूज, दुखणं कमी झालं आणि फरक वर्षभर टिकला. प्रयोग छोटा होता, त्यामुळे याच्या भरवशावर कुणी आमवाताच्या गोळ्या सोडू नका, सांधे कायमचे वाकडे होतात.

आणि गुडघ्याच्या झिजेत? तिथे डाळीचा संबंध नाही, वजनाचा आहे. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. आईचं युरिक अ‍ॅसिड शेवटी तपासलं, नॉर्मल निघालं, एक्स-रेत झीज होती. मागच्या महिन्यात तिने स्वतःच तो कागद काढला आणि त्या दिवशी चार वर्षांनी घरात चिंचगुळाची आमटी झाली.