सीबीसीच्या अहवालातील दोन आकडे आणि मधुमेह

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या अहवालात आपण हिमोग्लोबिन पाहतो आणि कागद घडी घालून ठेवतो. त्याखाली पांढऱ्या पेशींच्या निरनिराळ्या प्रकारांची टक्केवारी असते. समजा, न्यूट्रोफिल ६९ टक्के आणि लिम्फोसाइट २३ टक्के आहेत, तर पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून ३ येतात. या न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तराला एनएलआर म्हणतात आणि ते शरीरातील सुजेची ढोबळ खूण मानले जाते. मधुमेहाने मूत्रपिंड, दृष्टिपटल किंवा पाय बाधित झालेल्या रुग्णांमध्ये ते सरासरीने चढे असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. २०२३ च्या आयसीएमआर-इंडियॅब या देशव्यापी मधुमेह पाहणीनुसार ज्या गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आहे, तिथे अशा स्वस्त खुणेचे आकर्षण वाटणे साहजिक आहे.

साखरेचा आणि न्यूट्रोफिलचा संबंध अस्थिमज्जेत जुळतो. या पेशी अल्पायुषी असल्यामुळे मज्जेला त्यांचा पुरवठा अखंड चालू ठेवावा लागतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की, रक्तातील साखर वाढली की न्यूट्रोफिल 'एस१००ए८' आणि 'एस१००ए९' ही प्रथिने बाहेर सोडतात, ती मज्जेतील पूर्वज पेशींवरच्या 'रेज' नावाच्या ग्राहीला जाऊन चिकटतात आणि त्या पेशी वेगाने विभागून आणखी न्यूट्रोफिल व मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) घडवू लागतात. म्हणजे आपली कुमक वाढवण्याचा निरोप न्यूट्रोफिलच धाडत असतात! मूत्रावाटे साखर बाहेर टाकायला लावून ती उतरवल्यावर हे जादा उत्पादनही घटले. शिवाय मधुमेहींचे न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएची जाळी बाहेर फेकण्यास अधिक तत्पर असतात. ही जाळी जंतू पकडण्यासाठी असली, तरी तिच्या अतिरेकाने जखम भरायला वेळ लागतो, आणि पायाच्या व्रणाच्या बाबतीत हे फार महागात पडते.

तथापि, हा आकडा फार हळवा आहे. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस झाला की न्यूट्रोफिल वाढतात, डेंग्यूत पांढऱ्या पेशी घटतात, आणि दम्यासाठी घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या काही तासांतच न्यूट्रोफिल वाढवून लिम्फोसाइट कमी करतात. त्यामुळे तापाच्या आठवड्यात काढलेल्या गुणोत्तरावरून मूत्रपिंडाचे भविष्य सांगणे हे पत्रिका पाहण्याहून फारसे निराळे नाही. सर्वमान्य धोक्याची रेषाही अद्याप ठरलेली नाही. 'शरीरातील सूज काढून मधुमेह मुळापासून घालवणाऱ्या' काढ्यांच्या जाहिरातींनी हा आकडा उचलू नये, एवढीच भीती वाटते.

मूत्रपिंडाची खबर घ्यायची असेल, तर लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन आणि क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ यांचे गुणोत्तर अधिक विश्वासार्ह आहे. ते ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर गेले की तपासणी पुन्हा करून खात्री केली जाते. डोळ्यांसाठी दरवर्षी बाहुल्या विस्फारून पडदा पाहावा लागतो, आणि पायांची संवेदना १० ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या तंतूने तपासतात. एनएलआर पाहायचेच असेल, तर ते ताप, जखम किंवा स्टिरॉइड नसताना काढलेल्या त्याच व्यक्तीच्या जुन्या अहवालांशी ताडून पाहावे.