लीव्हर-ॲक्शन रायफल: अक्रोडाचा दस्ता विरुद्ध काळी रेल, या भांडणाच्या मागचा इतिहास

लीव्हर-ॲक्शन म्हणजे ट्रिगरभोवतीचा दांडा (लीव्हर) हाताने खाली-वर करून पुढची गोळी भरायची रायफल. अमेरिकेत या रायफलवाल्यांचे सध्या सरळ दोन गट पडलेत. एकांना अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, निळसर झाक मारणारं पोलाद आणि साधी उघडी साइट (नेम धरायची खूण) हवी, म्हणजे वेस्टर्न सिनेमात खोगिराला अडकवलेली दिसते तशी (आपल्याकडे बहुतेकांनी ही बंदूक तिथेच बघितलीय). दुसऱ्यांना तीच रायफल पूर्ण काळी हवी, पुढे हात धरायला खाचाखाचांचा ॲल्युमिनियम हँडगार्ड, वर रेल (जोडसाहित्य बसवायची पट्टी), रेलवर रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायची साइट), आणि बॅरलच्या तोंडाला सायलेन्सरसाठी आटे. पहिले म्हणतात चांगली बंदूक बाटवली, दुसरे म्हणतात म्युझियममध्ये जाऊन बसा. पण हे जे 'पारंपरिक' म्हणतात ते नक्की कुठल्या सालचं, हे शोधायला गेलं की पहिल्या गटाची बाजू जरा डगमगते.

बेंजामिन टायलर हेन्रीचं पेटंट 1860 चं. मॅगझिनमध्ये 16 गोळ्या, आणि त्या काळी बाकीचं सैन्य एक बार काढून परत नळीच्या तोंडातून दारू ठासत बसायचं. म्हणजे ही त्या वेळची सगळ्यात आधुनिक बंदूक. आणि हिला पुढे लाकूडच नव्हतं! बॅरलच्या खाली मॅगझिनची नळी, नळीला खालून लांब चीर, त्या चिरेतून बाहेर आलेलं एक बोंड. गोळ्या संपत जातील तसं ते मागे सरकत यायचं आणि थेट डाव्या हाताला येऊन अडायचं, मग पकड सोडून हात पलीकडे न्यायचा, नाहीतर पुढची गोळी आतच येणार नाही. वर बॅरल तापून हात भाजायचा तो वेगळाच. 1866 मध्ये ही बंदूक बनवणाऱ्या ऑलिव्हर विंचेस्टरच्या कंपनीतल्या नेल्सन किंगने गोळ्या भरायला बाजूला झडप दिली, त्यामुळे ती चीर बंद करता आली आणि मग कुठे वरून लाकडी फोरएंड (पुढची मूठ) बसला. आज ज्या लाकडाला परंपरा म्हणून मिरवतात ते मुळात अशी नंतर आलेली सोय आहे, आणि ॲल्युमिनियमचा हँडगार्ड पहिल्यांदा तेच हात वाचवायचं काम करतो, त्यावर टॉर्च वगैरे लावणं नंतर.

लष्करी रूपाचंही तसंच. 1877 मध्ये आताच्या बल्गेरियातल्या प्लेव्हनाला तुर्कांनी विंचेस्टर 1866 वापरून रशियनांच्या हल्ल्यांची दाणादाण उडवली होती, आणि पहिल्या महायुद्धात त्याच रशियाने विंचेस्टरकडूनच 1895 मॉडेल मागवलं, जवळपास 3 लाख, रशियन काडतुसाचं, क्लिपने (पट्टीत लावलेल्या गोळ्या एकदम) भरायची सोय असलेलं, पुढे संगीन लावायची. संगीनवाली लीव्हर-ॲक्शन! याहून टॅक्टिकल, म्हणजे लष्करी थाटाचं, काय पाहिजे अजून.

मग ते लाकूड-पोलादवालं चित्र आलं कुठून? मुख्यतः विंचेस्टर 1894 मधून. जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, 1895 पासून धूर न करणाऱ्या दारूचं .30-30 काडतूस, आणि पुढच्या शंभर-एक वर्षांत 70 लाखांहून जास्त रायफली बनल्या. हरणाच्या शिकारीला अमेरिकेतल्या घराघरात हीच असायची. हिची खरी गंमत धरल्यावर कळते. रिसीव्हर (यंत्रणा असलेला मधला धातूचा भाग) इतका चपटा आणि सडपातळ की रायफल बरोबर तोलाच्या जागी एका मुठीत येते आणि माणूस दिवसभर रान तुडवू शकतो. स्कोप (नेम धरायची दुर्बीण) बसवला की नेमकी तीच जागा जाते, मूठ मिटतच नाही. पारंपरिक गटाचा मला पूर्ण पटणारा मुद्दा हाच एक, बाकी बरंचसं आठवणींचं प्रेम.

स्कोपचं भांडण तर त्याहून जुनं आहे. विंचेस्टरमधून रिकामं काडतूस वरून उडायचं, त्यामुळे स्कोप बरोबर मध्ये बसवला की ते त्याच्यावर आपटणार. मार्लिन या दुसऱ्या कंपनीने 1889 मध्येच काडतूस बाजूने बाहेर टाकायला सुरुवात केली होती, वरून रिसीव्हर बंद. पुढे 1948 मध्ये मार्लिन 336 आली आणि शिकारी लोक स्कोप वापरायला लागले तेव्हा ही बंद छतवाली रचना एकदम कामाला आली. विंचेस्टरला यावर उपाय काढायला 1980 चं दशक उजाडलं.

बाकी परंपरावाल्यांचा पहिला मोठा राग 1964 चा. विंचेस्टरने त्या वर्षी खर्च वाचवायला 94 चे (म्हणजे त्या 1894 मॉडेलचे) काही भाग स्वस्तात बनवायला घेतले, आणि तेव्हापासून 'प्री-64' हा शब्द सोन्याच्या भावात गेला. नंतर आडवी सेफ्टी (चुकून बार उडू नये म्हणून बटण) आली त्यावरही बोंबाबोंब झाली. म्हणजे 'आमची बंदूक बिघडवली' हे रडगाणं हँडगार्डच्या किती तरी आधीचं आहे.

आणि तो लीव्हरचा मोठा लूप (हात घालायचं कडं)! हल्लीच्या काळ्या मॉडेलांवर हमखास असतो, कारण सांगतात की थंडीत हातमोजे घालून लीव्हर मारता येतो. बरोबरच आहे ते, पण त्याला प्रसिद्धी मिळाली 1939 च्या 'स्टेजकोच' सिनेमात, जॉन वेन एका हाताने रायफल गरकन फिरवतो म्हणून.

आत्ताचं काळं रूप खरं तर अलास्कामार्गे आलं असं म्हणायला हरकत नाही. 1998 मध्ये मार्लिनने आखूड बॅरलची गाइड गन काढली, .45-70 मध्ये, जे काडतूस अमेरिकी सैन्याचं 1873 चं. अस्वलांच्या मुलखात फिरणाऱ्या लोकांना जवळून जोरदार मारणारी बंदूक हवी होती, पाऊस-बर्फात लाकूड फुगतं म्हणून स्टेनलेस पोलाद आणि थरांचं लाकूड आलं, पटकन नेम धरायला रेल आली. दुसरं कारण गोळीचं. नळीच्या मॅगझिनमध्ये गोळ्या एकामागे एक उभ्या, पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (ठोका बसला की दारू पेटवणाऱ्या तळाच्या टिकलीवर) मागच्या गोळीचं टोक टेकलेलं, त्यामुळे टोकदार गोळी वापरणं धोक्याचं, सगळ्या चपट्या नाकाच्या, आणि त्या लांबवर लवकर दम सोडतात. 2005-06 च्या सुमारास हॉर्नाडी कंपनीने मऊ रबरी टोकाची गोळी आणली, पल्ला वाढला, आणि पल्ला वाढल्यावर उघड्या साइटवर कोण समाधान मानणार.

तिसरं कारण कायद्याचं, आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार. लष्करी थाटाच्या बंदुकांवर बंदी घालणारा 1994 ते 2004 चा केंद्राचा कायदा असो की न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचे नंतरचे नियम, पिस्तूल ग्रिप, घडीचा दस्ता असली यादी सेमी-ऑटोमॅटिक (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या) रायफलींना लागते. लीव्हर हाताने मारायचा, त्यामुळे ही त्या यादीतून सुटली. ज्यांना ती सगळी ॲक्सेसरी हवीच होती त्यांनी ती इकडे लावली.

आता सगळंच काही जमलं असं नाही. मॉसबर्ग कंपनीने 2012 च्या आसपास 464 एसपीएक्स काढली, .30-30 ला सरळ एआर-15 या लष्करी थाटाच्या रायफलीसारखा पुढे-मागे सरकणारा दस्ता ठोकून दिलेला, आणि लोकांनी तिची यथेच्छ टिंगल केली. योग्यच केली, कारण त्या दस्त्याने लीव्हर मारायला काडीचीही मदत होत नाही, नुसता अवतार. त्यापुढे मार्लिनची 2018 ची डार्क सिरीज किंवा आजच्या हेन्री कंपनीची एक्स मॉडेल्स बरीच समजूतदार वाटतात. 2020 मध्ये मार्लिनची मालक कंपनी रेमिंग्टन दिवाळखोरीत गेल्यावर रुगर कंपनीने मार्लिन विकत घेतली आणि 2021 च्या शेवटी पहिली रायफल बाजारात काढली ती '1895 एसबीएल' नावाची, स्टेनलेस, लांब रेल, मोठा लूप, तोंडाला आटे. अक्रोडाच्या लाकडाची नंतर.

जानेवारी 2024 मध्ये स्मिथ अँड वेसनने 1854 नावाची लीव्हर-ॲक्शन आणली. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन हेच 1850 च्या दशकात व्होल्कॅनिक लीव्हर बंदुकीच्या मागे होते, तोच धागा पुढे हेन्री आणि विंचेस्टरपर्यंत जातो, तेव्हा घराण्याच्या हिशोबाने यांच्याइतकं जुनं कोणीच नाही. सुरुवातीला त्यांनी नेहमीचं मॉडेल काळ्या सिंथेटिक दस्त्याचं, रेल आणि आट्यांसकट ठेवलं, आणि अक्रोडाचं लाकूड दिलं ते महागड्या लिमिटेड एडिशनला.