ही कपची किती खोलीवरची?

भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयनेत खोदलेल्या खोल विंधनविवरांची (बोअरची) बातमी आली की सोबत हमखास एक फोटो असतो: पेटीत ओळीने मांडलेले खडकाचे गुळगुळीत दंडगोल. त्यावरून अनेकांना वाटतं की भूवैज्ञानिकाला पाताळातला खडक असा अखंडच हाती येतो. कोयनेत सुरुवातीला दीडेक किलोमीटरपर्यंतच्या विवरांतून असे गाभे काढलेही. पण कोयना परिसरातल्या गोठणे गावाच्या 3 किलोमीटर खोल विवरासारख्या कामात गाभा मोजक्याच टप्प्यांवर मिळतो. बाकी हाती येतो तो चुरा, आणि खरी कसोटी या चुऱ्याचीच आहे.

पोकळ ड्रिल पाइपमधून पातळ चिखल दाबाने खाली सोडतात. तो तळाशी खडक फोडणाऱ्या बिटमधून बाहेर पडतो आणि पाइप व विवराची भिंत यांमधल्या फटीतून खडकाच्या कपच्या घेऊन वर येतो. हलत्या चाळणीवर पडलेल्या कपच्या धुऊन, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. काळपट बारीक कण बेसॉल्टचे. काचेसारखं क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार ही खनिजं दिसली की बेसॉल्टखालचा ग्रॅनाइट लागला.

पण ही कपची आत्ताच्या खोलीवरची नसतेच! समजा विवर 3000 मीटर खोल आहे आणि त्या फटीत दर मीटरला 24 लिटर चिखल मावतो. म्हणजे एकूण 72,000 लिटर. पंप मिनिटाला 2000 लिटर ढकलत असेल तर कपचीला वर यायला 36 मिनिटं लागतात. तासाला 5 मीटर वेग धरला तर तेवढ्यात बिट 3 मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून प्रत्येक पिशवीवर खोली लिहिताना हा उशीर वजा करावा लागतो. विवराची भिंत ढासळून फट रुंदावली की तर सगळा हिशेबच चुकतो. मग पाइप जोडताना आत कोरडे तांदूळ किंवा कॅल्शियम कार्बाइड टाकतात. कार्बाइडचा पाण्याशी संयोग होऊन ॲसिटिलीन तयार होतो आणि वरचा वायुमापक तो टिपतो. लागलेल्या एकूण वेळातून पाइपमधून खाली जायचा वेळ वजा केला की उशीर कळतो, आणि त्यावरून फटीचं खरं आकारमानही.

आपल्याकडे पाणाड्या तळहातावर नारळ उभा करून 'इथं दोनशे फुटांवर पाणी' असं सांगतो आणि शेतकरी कर्ज काढून बोअर मारतो. तो आकडा आला कुठून आणि तपासायचा कसा, याचं उत्तर पाणाड्याकडे नसतं. साइटवरच्या भूवैज्ञानिकाला ते प्रत्येक पिशवीगणिक द्यावं लागतं, म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं.

1967 च्या कोयना भूकंपामागची प्रक्रिया समजून घ्यायची तर कोणता खडक कुठे संपतो हे नेमकं हवं. गोठण्याला साधारण सव्वा किलोमीटरवर बेसॉल्ट संपून थेट ग्रॅनाइटसदृश खडक लागला. मध्ये गाळाचा खडक नाही. अशी सीमा चुऱ्यावरून ठरवताना पुन्हा एक खाच असते. वरच्या भिंतीतून बेसॉल्टच्या कपच्या नंतरही निखळत राहतात. त्यामुळे शेवटची बेसॉल्टची कपची कुठे दिसली हे निरुपयोगी ठरतं. ग्रॅनाइटची पहिली कपची कधी आली, ती वेळ नोंदवायची आणि उशीर वजा करून खोली लिहायची.